पान सहावरचा गडी

गेल्या महिन्यात या सदरात मी वाचकांना एक प्रश्न टाकला होता. गुन्हेगार कोण ते गुप्तहेराला कळलं, पण आता त्याला पकडून द्यावं की नाही हे काही कळेना, अशी एखादी गोष्ट तुमच्या मनात घर करून राहिली आहे का? पत्रं भरपूर आली. पाच निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी २९ वर्षं एका जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात मराठी लघुलेखिका होते. साक्षी, उलटतपासण्या, निकाल लिहून घ्यायचे आणि टंकून द्यायचे, हे माझं काम. रहस्यकथा वाचायची सवय नोकरीच्या आधीची, लिहायची नंतरची.

ताई, सप्रेम नमस्कार. दिवाळी अंकासाठी लिहिलेली कथा सोबत पाठवते आहे. तिच्यात निवृत्त तलाठी असलेले आप्पा गावातल्या एका खुनाचा छडा लावतात. मयत रोज दारू पिऊन बायकोला मारायचा. एका रात्री तिचा भाऊ मध्ये पडला आणि त्याच्या हातून वरवंट्याचा घाव बसला. आप्पांना सगळं उमगतं, पण ते गप्प राहतात. माझी मैत्रीण म्हणते, खुनी लपवणारा माणूस नायक कसा? शेवट बदलू का?
*— एक नवी लेखिका, इचलकरंजी*

कथा दोनदा वाचली. शेवट बदलू नका. आप्पांचं गप्प राहणं मला पटलं. वरवंटा धुऊन पाट्यावर परत ठेवलेला, पण घरची बाई ठेवते तसा नव्हे, ही खूण वाचून तर तुमचा हेवा वाटला. माझी तक्रार वेगळी आहे. पान सहावर पोलीस मयताच्या गड्याला घेऊन जातात, कारण दोन दिवसांपूर्वी पगारावरून त्याचं मालकाशी वाजलेलं असतं. त्यानंतर तो गडी तुमच्या कथेत कुठेच येत नाही. शेवटच्या पानावर आप्पा त्या भावाच्या खांद्यावर हात ठेवतात, आतून चहा येतो, आणि गडी अजून कोठडीतच आहे.

मैत्रिणीचं कायद्याचं म्हणणं बरोबर आहे. खुनाची माहिती असेल तर ती पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला द्यायची, हे बंधन सगळ्यांवरच आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे. तलाठ्याची नोकरी केलेल्या माणसाला हे ठाऊक असणार. एका वाक्यात ते त्यांच्या मनात येऊन जाऊ द्या. पण तुमच्या कथेचा पेच त्या गड्यापाशी अडकला आहे.

शेरलॉक होम्सने किती गुन्हेगार सोडून दिले ते आठवून पाहा. १८९१ च्या बॉस्कोम व्हॅलीच्या कथेत म्हातारा टर्नर खुनाची कबुली देतो. तो मधुमेहाने मरणपंथाला लागलेला आहे. होम्स ती कबुली लिहून, सही करून घेतो आणि स्वतःपाशी ठेवतो. त्याची अट एकच: ज्या तरुणावर खटला चालू आहे तो दोषी ठरला तर हा कागद बाहेर काढावा लागेल. दरम्यान त्या तरुणाच्या वकिलाला तो असे मुद्दे पुरवतो की मुलगा सुटतो. म्हणजे नुसतं गप्प बसला नाही, गप्प बसण्याआधी दुसऱ्याच्या सुटकेची सोय केली.

१९०४ मधली ॲबी ग्रेंजची कथा तर तुमच्या कथेची मोठी बहीणच. नवरा दारुडा, बायकोच्या दंडात टोपीची पिन खुपसणारा, तिच्या कुत्र्यावर रॉकेल ओतून त्याला पेटवणारा. त्या काळच्या इंग्लंडात नुसत्या मारहाणीवरून बायकोला घटस्फोट मिळत नव्हता. तो मिळायला १९३७ साल उजाडावं लागलं. होम्सचे लेखक कॉनन डॉईल स्वतः घटस्फोटाचा कायदा बदलण्यासाठी झटणाऱ्या संघटनेचे बरीच वर्षं अध्यक्ष होते, तेव्हा हा राग केवळ कथेपुरता नव्हता. त्या बाईवर जीव असलेला जहाजावरचा कॅप्टन क्रोकर तिला वाचवताना नवऱ्याला मारतो. मग तो आणि तिची मोलकरीण मिळून दरोड्याचा बनाव रचतात, आणि वर्णन दिलं जातं ते त्या भागातल्या एका कुप्रसिद्ध टोळीचं. वाइनचे तीन पेले आणि गाळ मात्र एकाच पेल्यात, यावरून होम्सला बनाव कळतो. योगायोगाने ती टोळी त्याच सकाळी न्यूयॉर्कमध्ये पकडली गेलेली असते, म्हणून बचावते.

होम्स क्रोकरला सांगतो की चोवीस तासांत निघून जा, कोणी अडवणार नाही, त्यानंतर मात्र मी सगळं उघड करीन. क्रोकर उसळतो. मी पळालो तर तिला साथीदार म्हणून धरतील, ते मी होऊ देणार नाही, म्हणतो. होम्सला एवढंच पाहायचं होतं. आपल्या सुटकेची किंमत दुसऱ्याच्या गळ्यात पडते आहे, हे या माणसाला दिसतं का? ते दिसतं, म्हणूनच तो त्याला सोडतो. सोडतानाही पुन्हा तीच अट घालतो, की कायद्याने या गुन्ह्यात दुसरा कोणी धरला नाही तोवरच तू माझ्याकडून सुरक्षित आहेस.

आता होम्स कुठे कमी पडला तेही सांगते. निळ्या माणकाच्या कथेत, १८९२ च्या, हॉटेलातला रायडर माणिक चोरतो आणि आळ येतो हॉर्नर नावाच्या प्लंबरवर. रायडरने त्यालाच का निवडलं? तर त्याला पूर्वी एकदा शिक्षा झालेली होती, संशय आपोआप तिकडे जाणार होता. नाताळचे दिवस आहेत. रायडर शेकोटीपुढे रडतो, पाया पडतो, आणि होम्स त्याला दार उघडून देतो. रायडर आता साक्षीला उभा राहणार नाही, म्हणजे हॉर्नरवरचा खटला कोसळेल, हा त्याचा हिशेब. कोर्टाच्या दृष्टीने हिशेब बरोबर आहे. पण खटला कोसळणं आणि निर्दोष म्हणून नाव पुकारलं जाणं यात किती अंतर असतं ते मी जवळून पाहिलं आहे.

आमच्याकडे एका खटल्यात एक सालगडी चौदा महिने आत होता. पुरावा टिकला नाही, निर्दोष सुटला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो मुद्देमाल कारकुनाकडे आपली सायकल मागायला आला. सायकल मुद्देमालात जमा होती, आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत परत द्यायची नाही असं निकालातच लिहिलेलं होतं. ते वाक्य मीच टंकलं होतं. मुदत संपल्यावर तो परत आला. सायकल आवारात भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पावसाने टायर कुजले होते, मागच्या चाकाच्या तारांतून घेवड्यासारखा कसलासा वेल वर गेला होता. त्याने वेल तोडला नाही, एकेक तारेतून हळूहळू सोडवून काढला. मग सायकल हातात धरून चालत निघाला. गावात त्याला पुन्हा कोणी सालावर ठेवलं की नाही, मला माहीत नाही.

तर तुमच्या आप्पांना चहा पिऊ देण्याआधी भावाला एक प्रश्न विचारायला लावा: "गड्याचं काय करायचं?" तो काय बोलतो, किंवा बोलायला किती वेळ लावतो, यावर आप्पांनी पुढे वागावं. गडी सुटण्याची वाट तुम्हाला शोधावी लागेल, आणि त्यासाठी आप्पांना स्वतःचं काहीतरी गमवावं लागेल. चार पानं वाढतील. वाढू द्या.

माननीय ताई, मी निवृत्त शिक्षिका आहे. सुट्टीत नातवाला होम्सच्या गोष्टी वाचून दाखवत होते. मिल्व्हर्टन नावाच्या ब्लॅकमेलरच्या गोष्टीत होम्स त्याच्या मोलकरणीशी लग्न ठरवतो, कशासाठी तर घराची माहिती काढायला. नातवाने विचारलं, "मग त्या मुलीचं काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही.
*— चिपळूण*

बाई, तुमच्या नातवाने विचारलं तेच वॉटसनही विचारतो. होम्स खांदे उडवतो. डाव मोठा असला की हातातली पानं खेळावीच लागतात, असं काहीसं म्हणतो, आणि वर सांगतो की तिच्या मागे दुसरा एकजण आहेच, माझी पाठ वळताच तो माझी जागा घेईल. बस, अगाथाचा, म्हणजे त्या मोलकरणीचा, विषय संपला. तिचं पुढे काय झालं ते कथेत नाही.

या कथेवर लोक वाद घालतात तो दुसऱ्याच गोष्टीवरून. मिल्व्हर्टन ज्यांवर पैसे उकळायचा ती पत्रं चोरायला होम्स आणि वॉटसन रात्री मिल्व्हर्टनच्या घरात शिरतात, पडद्यामागे लपतात, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक स्त्री येऊन मिल्व्हर्टनला गोळ्या घालते. होम्स वॉटसनचा हात धरून त्याला थांबवतो, नंतर तिजोरीतली सगळी पत्रं शेकोटीत टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस अधिकारी लेस्ट्रेड मदत मागायला येतो तेव्हा साफ नकार देतो. हे योग्य की अयोग्य? मला विचाराल तर ते मला समजू शकतं. मिल्व्हर्टनने अनेकांचे संसार मोडले होते, आणि पत्रं जाळल्यामुळे कितीतरी बायका सुटल्या. त्या रात्री होम्सने जोखीमही स्वतःच्या अंगावर घेतली होती. सापडता तर तो तुरुंगात जाता.

अगाथाच्या बाबतीत मात्र त्याने काहीच पणाला लावलं नव्हतं. एस्कॉट नावाचा, धंदा बरा चालणारा प्लंबर बनून तो रोज संध्याकाळी तिच्याबरोबर फिरला, बोलला, तिला लग्नाचं वचन दिलं. मालकाच्या घरात खून झाल्यावर पोलीस सगळ्यांत आधी कोणाला विचारणार? घरातल्या नोकरांना. कुत्रा रात्री बांधून ठेवायची व्यवस्था कोणी केली? अगाथाने, आपल्या एस्कॉटला भेटायला येता यावं म्हणून. ती पोलिसांना काय सांगणार होती? मिल्व्हर्टन बायकांच्या पत्रांवर पैसे करायचा आणि होम्सने एका बाईच्या विश्वासावर माहिती काढली. मला ही दोन्ही कामं एकमेकांच्या फार जवळची वाटतात, आणि होम्सवर माझं मनापासून प्रेम असूनही हे कृत्य मी त्याला माफ केलेलं नाही.

नातवाला सांगा, तुझा प्रश्न बरोबर आहे आणि तो लेखकाने सोडवायला हवा होता. मग त्यालाच अगाथाच्या बाजूने पुढची गोष्ट लिहायला सांगा. लिहिली तर मला नक्की पाठवा.

ब्योमकेश बक्षीने सत्यवतीशी लग्न केलं. ती तर एका खटल्यातल्या आरोपीची बहीण. हे गुप्तहेराला शोभतं का?
*— एक वाचक, डोंबिवली*

ब्योमकेशचे बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी हे चांगलं सांभाळलं आहे. सत्यवतीचा भाऊ संशयात अडकलेला असताना ब्योमकेश तपास करतो तो पुराव्याच्या मागे जाऊन. भाऊ निर्दोष निघतो तो खरा खुनी सापडल्यामुळे. तिच्याबद्दल ओढ वाटते म्हणून एकही धागा तो दुर्लक्षित ठेवत नाही. ब्योमकेशला गुप्तहेर हा शब्द आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. ते नाव त्याने इथे राखलं. भाऊच खुनी निघाला असता तर काय, हा प्रश्न मात्र फार मोठा आहे, आणि कोणीतरी मराठीत त्यावर लिहावं असं मला वाटतं.

ताई, मी नाशिकला विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला "तू" म्हटलंत तरी चालेल. माझ्या कथेतला खासगी डिटेक्टिव्ह संशयिताच्या घराचं कुलूप तोडून डायरी आणतो. असा पुरावा कोर्टात चालेल का? मित्र म्हणतात, चालणार नाही, फेकून देतील.

तुझ्या मित्रांनी अमेरिकन मालिका पाहिलेल्या दिसतात. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा बाहेर ठेवायचा, हा नियम अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये मॅप खटल्यात सगळ्या राज्यांना लागू केला, आणि तोही पोलिसांना आवरण्यासाठी. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९७३ च्या पूरनमल निकालात वेगळी वाट धरली. झडती बेकायदा होती एवढ्याच कारणावरून पुरावा बाद होत नाही, तो खटल्याशी संबंधित असला तर पाहता येतो. म्हणजे डायरी कोर्टासमोर येऊ शकते. पण घरफोडीबद्दल तुझ्या डिटेक्टिव्हवर वेगळा गुन्हा दाखल होऊ शकतो, हेही लक्षात ठेव. ती डायरी त्याने स्वतःच लिहून आणली नाही हे सिद्ध करायची वेळ येईल ती वेगळीच.

त्यामुळे तुझ्या कथेत तणाव कुठे आहे ते सांगते. आपला कायदा कुलपापेक्षा कबुलीला जास्त घाबरतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. माणूस कोठडीत कसा बोलता होतो हे दीडशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं. कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग मात्र चालतो. म्हणून आपल्या खटल्यांत "आरोपीने काढून दिलेला कोयता" इतक्या वेळा येतो.

तो कोयता कसा येतो तेही बघून घे. खाकी कागदात गुंडाळलेला, दोरीने बांधलेला, गाठीवर लाखेचं सील, आणि लेबलावर दोन पंचांच्या सह्या. सरकारी वकील पुडकं उघडायची परवानगी मागतात, शिपाई ब्लेडने दोरी कापतो, लाखेचे तुकडे टेबलावर पडतात. मग पंचाला विचारतात, ही सही तुमची का? तो म्हणतो, हो माझी. हा कोयता तुमच्यासमोर काढून दिला का? तो खाली बघतो. म्हणतो, मला चौकीवर बोलावलं, कागद पुढे केला, मी सही केली. पंच फितूर. असं मी कितीदा लिहिलं त्याची गणती नाही. त्यांतले काही पंच विकत घेतलेले असतील, आणि काही खरंच बोलत असतील. आरोपीनेच खून केलाय याची त्या फौजदाराला मनातून खात्री असेल, म्हणून त्याने पुरावा थोडा "बसवला" असेल. तुझ्या डिटेक्टिव्हला त्या जागी उभा कर. खात्री आहे, पुरावा नाही, आणि एक सही हाताशी आहे. तो काय करेल? कुलूप तोडण्यापेक्षा ही गोष्ट लिहायला अवघड आहे, म्हणून तीच लिही.

ताईंना नमस्कार. आमचे हे पोलिसात हवालदार होते, गेल्या वर्षी वारले. त्यांनी पकडून दिलेल्या एका माणसाला फाशी झाली तेव्हा हे दोन दिवस जेवले नव्हते. माणूस दोषीच होता. तुमच्या गोष्टींतले डिटेक्टिव्ह खुनी दाखवून देतात आणि गोष्ट संपते. त्यांना काही वाटत नाही का?
*— सोलापूर*

वहिनी, तुमचं पत्र मी बरेच दिवस टेबलावर ठेवलं होतं.

बहुतेकांना वाटत नाही, किंवा लेखक ते दाखवत नाही. खुनी कोण ते कळलं की वाचक पुस्तक मिटतो, हे लेखकाला माहीत असतं. पण एक कादंबरी अशी आहे जी तिथे थांबत नाही. इंग्लिश लेखिका डोरोथी सेयर्सची, १९३७ ची. तिचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी खुनी शोधून काढतो, ते त्याच्या मधुचंद्राचे दिवस असतात. खुनी दोषी आहे, त्याला पश्चात्तापही नाही. तरी विम्झी त्याच्या बचावासाठी स्वतःच्या खर्चाने उत्तम वकील देतो, तुरुंगात त्याला भेटायला जातो, आणि तो माणूस त्याला शिव्या घालून परत पाठवतो. फाशी सकाळी आठला ठरलेली असते. विम्झी पहिल्या महायुद्धात अधिकारी होता, त्याच्या हुकमावर माणसं मरायला गेलेली आहेत. ती रात्र तो बायकोजवळ थरथरत जागून काढतो, आणि घड्याळात आठ वाजतात तेव्हा तो रडतो. कादंबरी तिथे संपते. तुमच्या यजमानांचे ते दोन दिवस मला तिथे दिसले. त्यांच्या शेजारी बसायला बायको होती, विम्झीच्याही होती.

मी स्वतः एकदाच फाशीचा निकाल लिहून घेतला. साहेबांनी सही केली आणि निब टेबलावर टेकवून मोडली. तशी रीत आहे. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही, तेही त्याच निकालात लिहिलेलं होतं, आणि या खटल्यात पुढे हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली. पण त्या दिवशी ते कोणालाच माहीत नव्हतं. मी वही मिटून बाहेर आले. व्हरांड्यात आरोपीची आई बसली होती, पदराच्या गाठीत एसटीचं परतीचं तिकीट बांधलेलं. आत मराठीतच निकाल वाचला होता, पण तिला तो कळला नव्हता. तिने माझ्या हातातली वही पाहिली आणि विचारलं, "बाई, किती वर्सं दिली?"

मी तिच्या शेजारी बसले. वकीलसाहेब येईपर्यंत बसून राहिले.